‘पोर्टावरचा माल’ आणि आमचा लॅपटॉप

"तू न्हावा शेव्याचा ना? मग एखादा लॅपटॉप स्वस्तात काढून दे की!" फर्स्ट इयरपासून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं हसतो आणि पुढे जातो. हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांचा असा पक्का समज आहे की आमच्याकडे जेट्टीवर कंटेनर उघडे पडलेले असतात आणि आम्ही पिशव्या घेऊन भाजी आणावी तसे लॅपटॉप आणतो. असो. गैरसमज दूर करावा आणि जमलं तर चार पैसे वाचवावेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

मला लॅपटॉप का हवा होता ते आधी सांगतो. प्रोजेक्ट, असाइनमेंट, पिक्चर ही कारणं सगळ्यांचीच असतात. माझं कारण वेगळं होतं. माझी आजी धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून प्रत्येक विधीला धवले म्हणतात, ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. आजीला किती धवले येतात हे तिलाही माहीत नाही. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडपाठ. आता तिचा दम लागतो. हल्ली लग्नात डीजे लागला की तिला दोन धवल्यांनंतर "बस झालं" म्हणतात. म्हटलं, हे रेकॉर्ड करायचं. मोबाइलवर केलं होतं, पण मागे ट्रेलरचे हॉर्न आणि पुढे आजी! शिवाय चुलतभावाची बेंजो पार्टी आहे, त्यांनाही ट्रॅक बनवून हवे होते. म्हणजे म्युझिक सॉफ्टवेअर चालेल असा लॅपटॉप हवा आणि खिशात रुपये अठरा हजार.

पहिला सल्ला मिळाला तो गेमिंग लॅपटॉपचा. "ग्राफिक्स कार्ड घे, पॉवर पाहिजे." ईएमआयवर घे, बाबांच्या पीएफमधून काढ, वगैरे वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की गाण्याच्या कामाला महागडं ग्राफिक्स कार्ड म्हणजे बैलगाडीला इंडिकेटर. साधं गणित करून बघा. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक सेकंदाला १,३२,३०० बाइट्स खातो. असे आठ ट्रॅक पाच मिनिटं रेकॉर्ड केले तरी सुमारे ३१८ एमबी होतात. एवढं तर कुठलाही बरा लॅपटॉप झोपेत करेल. मशीनचा दम निघतो तो दुसरीकडे. रिव्हर्ब, सिंथ, सॅम्पल केलेले ढोल-ताशे यांचं काम प्रोसेसर आणि रॅमवर पडतं. आणि ते काम ठरलेल्या वेळेत संपावं लागतं. बफर २५६ सॅम्पल्सचा असेल तर मशीनला दर ५.८ मिलिसेकंदांनी हिशोब द्यावा लागतो. एकदा जरी उशीर झाला की स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज येतो. बफर १०२४ वर नेला तर कटकट थांबते, पण मग ढोलकीवर थाप मारल्यावर हेडफोनमध्ये ती २३ मिलिसेकंद उशिरा येते, आणि जाण्या-येण्याचा मिळून उशीर त्याहून जास्त. ढोलकीवाला लगेच म्हणतो, "काहीतरी गडबड आहे!" म्हणून नुसता ‘फास्ट’ लॅपटॉप उपयोगाचा नाही, वेळ पाळणारा हवा.

आता माझी फजिती. पहिला सेकंडहँड लॅपटॉप मी घाईत घेतला. वर ‘आय ७’चं स्टिकर, बॉडी चकाचक. दुकानाचं नाव लिहीत नाही, आणि चूक माझीही होतीच. घरी येऊन बघतो तर सातव्या जनरेशनचा ‘यू’ प्रोसेसर, फक्त दोन कोअर! आठव्या जनरेशनमध्ये इंटेलने याच वर्गात चार कोअर दिले. म्हणजे सातव्या पिढीच्या आय ७ पेक्षा आठव्या पिढीचा आय ५ आपल्या कामाला सरस. स्टिकर बघून हुरळून गेलो आणि फसलो. त्यात बायॉसला पासवर्ड. जुन्या कंपनीने टाकलेला, दुकानदाराला ठाऊक नाही, की ठाऊक असून गप्प, देव जाणे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवायला गेलो तर दार बंद. पंखा असा फिरायचा की आजी म्हणाली, "यो डब्बा कला घोंगावतय रं?" बिल घेतलं नव्हतं, त्यामुळे परत घ्यायला दुकानदार तयार नाही. शेवटी साडेतीन हजार तोट्यात विकला. विकताना मात्र घेणाऱ्याला पासवर्डचं आधी सांगितलं, म्हणून तर तोटा झाला!

याच सुमारास ‘पोर्टावरचा माल’ समोर आला. ओळखीच्या ओळखीतला एक जण म्हणाला, "नऊ हजारात देतो. नवाकोरा, फोममध्ये गुंडाळलेला. फक्त कागद मागू नकोस." फोटो पाहिले, जीभ सैल झाली. नऊ हजारात मशीन आणि उरलेल्या पैशांत माइक! रात्री बाबांना सांगितलं. बाबा एका कंटेनर फ्रेट स्टेशनवर टॅली क्लार्क आहेत. कंटेनरचं सील तपासायचं, आतल्या पेट्या मोजायच्या, आकडा जुळला की सही करायची, हे त्यांचं रोजचं काम. जेवता जेवता ते एवढंच म्हणाले, "रीतसर सुटलेल्या मालाला बिल ऑफ एंट्री असतं. लिलावात गेलेल्या मालाला लिलावाचे कागद असतात. ज्याला काहीच नसतं तो माल कुणाच्या तरी मोजणीत कमी पडलेला असतो." आणि उठून हात धुवायला गेले.

मला घास गिळवेना. ज्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्याच्या पेट्या मोजल्या, त्याच्या घरात एक कमी पडलेली पेटी यायची? उद्या कुणी विचारलं तर सही त्यांची आणि लॅपटॉप माझा!

मित्रांनो, बंदर सुरू झालं १९८९ साली. त्यासाठी आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या, शेवा कोळीवाडा मूळ जागेवरून उठला. त्यामुळे ‘पोर्टावरचा माल’ म्हणजे जणू आपल्या हक्काचाच, असं बोलायची इकडे काहींना सवय आहे. तो राग मी समजू शकतो. पण चोरीच्या लॅपटॉपने जमिनीचा न्याय होत नाही. आणि खरं सांगू? असा माल विकणाऱ्यातले कित्येक जण पोर्टाच्या गेटपर्यंतसुद्धा गेलेले नसतात. पोर्टाचं नाव सांगितलं की गिऱ्हाईक बिल मागत नाही, ही त्यांची युक्ती. तो लॅपटॉप तुमच्या-माझ्यासारख्याच कुणाच्या हॉस्टेल रूममधून उचललेला असू शकतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम ४८ प्रमाणे उतरवल्यापासून ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकता येतो. पण ती विक्री कागदोपत्री होते, चहाच्या टपरीवर नाही. जुने लॅपटॉप परदेशातून आणायलाही सरकारी परवानगी लागते. आणि चोरीचा माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्यासारखं कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. "फक्त कागद मागू नकोस" हे वाक्य म्हणजे ते कारणच की!

मग मी काय केलं? उरण लोकलने नेरूळ, तिथून हार्बरने मुंबई आणि लॅमिंग्टन रोड. २०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत गाडी आली त्याचा हा फायदा. या वेळी शहाणा होऊन गेलो होतो. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले लॅपटॉप शोधले. थिंकपॅड टी४८०, एलिटबुक ८४० जी५, लॅटिट्यूड ७४९० ही २०१८ ची मंडळी. दिसायला ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखी, पण कामाला वाघ. तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट, म्हणजे आज ८ जीबी घ्या, पुढच्या स्टायपेंडला वाढवा. अनेक पातळ, देखण्या मॉडेलांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायचा प्रश्नच येत नाही. २०२० चा एम१ मॅकबुक एअर रेकॉर्डिंगला सुंदर, कारण त्यात पंखाच नाही. पण माझ्या बजेटबाहेर, आणि त्यातही रॅम वाढत नाही. जुना मॅक घेणारच असाल तर आधीच्या मालकाचं अकाउंट काढलंय ना, हे डोळ्यांसमोर बघा. नाहीतर विकत घेतलेला लॅपटॉप पेपरवेट म्हणून वापरावा लागेल.

आठव्या जनरेशनचा आग्रह आणखी एका कारणासाठी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची मशीन स्वस्तात पुढे सरकवली जातात. बजेट फारच कमी असेल तर त्यावर लिनक्स टाकून आर्डर, एलएमएमएस किंवा रीपर चालवा. तो मार्ग वाईट नाही, पण माहीत असून घ्या.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर रीपरची पोर्टेबल कॉपी आणि एक जड प्रोजेक्ट घेऊन जा. वीस मिनिटं वाजवा, हेडफोन लावून ऐका, पंख्याचा आवाजही ऐका. लॅटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर कुठला ड्रायव्हर अडथळा आणतोय ते सांगतं. बायॉस उघडून बघा. टचपॅड फुगलेला दिसला तर खाली बॅटरी फुगलीय, हात जोडून बाहेर या. सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून तपासा. आमच्यासारखे खाडीकाठचे असाल तर पोर्टच्या आतला गंजही बघा. हार्ड डिस्क नको, एसएसडीच हवी. आणि सीरियल नंबर लिहिलेलं बिल! दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मला आय ५, आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी असा टी४८० साडेसोळा हजारात मिळाला. बिलासकट.

आता सॉफ्टवेअर. प्रामाणिक लॅपटॉप घेऊन त्यात क्रॅक टाकला तर एवढं पुराण सांगून काय उपयोग? क्रॅकसाठी आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, म्हणजे चोराला बोलावून वॉचमनला सुट्टी द्यायची. मग तोच पेन ड्राइव्ह अख्ख्या विंगमध्ये फिरतो. रीपर ६० दिवस फुकट वापरता येतं, पुढे आपल्यासारख्यांसाठी ६० डॉलरचं लायसन्स आहे. ते बनवणाऱ्यानेच पूर्वी विनॅम्प बनवला होता, सीनियर स्टाफला आठवेल! एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये गाणं एक्स्पोर्ट करता येतं, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत परत उघडत नाही. लॅपटॉपमधून वाचलेले दीड हजार मी माइकला न घालता रीपरच्या डब्यात टाकलेत.

जाता जाता जिमखान्याला आणि रेक्टर सरांना एक विनंती. प्रत्येकाने वेगळा ऑडिओ इंटरफेस घेण्यापेक्षा दोन माइक लागणारा एकच इंटरफेस हॉस्टेलसाठी घ्यावा आणि रविवारी दोन तास कॉमन रूमचा टीव्ही बंद ठेवावा. रजिस्टर मी ठेवतो. प्रत्येक विंगमध्ये एक तरी गाणारा आहे, आणि प्रत्येकाच्या गावात एक तरी आजी आहे.

माझ्या आजीचे आतापर्यंत अकरा धवले झालेत. दुपारी ट्रेलर थोडे कमी असतात, तेव्हा पंखा बंद करून बसतो. बाबा कामावरून आले की एकदा हेडफोन लावतात आणि मोजतात, आज किती झाले. मोजायची सवय त्यांची जात नाही.

तेव्हा मित्रांनो, स्वस्त घ्या, जुनं घ्या, पण कागद मागा. आणि पुन्हा मला पोर्टावरून लॅपटॉप आणायला सांगू नका. लॅमिंग्टन रोडला सोबत हवी असेल तर मात्र केव्हाही हाक मारा, चहा तुमचा!