झिजणारी स्टिक : दोष गिऱ्हाइकाचा नव्हे

टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आता शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही दुरुस्तीला येऊ लागला आहे. त्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन छोट्या स्टिक असतात. काही महिन्यांच्या वापरानंतर यांपैकी एखादी स्टिक हात लावला नसतानाही इशारा देऊ लागते. खेळातला माणूस आपोआप एका बाजूला चालतो, नेम धरला तर तो सरकतो. या दोषाला ड्रिफ्ट म्हणतात. असा कंट्रोलर दुकानात परत आला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पोराने आपटला काय?’ आमच्या मते हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला विचारला जातो.

ओळखीचाच रोग

रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेल्या कारागिराला हा रोग नवा नाही. व्हॉल्यूमचे बटण जुने झाले की ते फिरवताना खरखर होते. आत कार्बनचा लेप दिलेली पट्टी असते व तिच्यावर धातूची बारीक जीभ घासत फिरते. लेप झिजला की प्रवाह नीट मोजला जात नाही. कंट्रोलरच्या स्टिकखाली अशाच दोन चिमुकल्या व्हॉल्यूम असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरी उभ्या हालचालीसाठी. स्टिक सोडली की स्प्रिंगमुळे ती मध्यभागी परत येते, म्हणून मधल्या जागी घासणी सर्वांत जास्त. तेथील लेप पातळ झाला, स्प्रिंग सैल पडली किंवा झिजेची भुकटी आत साचली, की यंत्राला ‘मध्य’ कोठे आहे हेच कळेनासे होते.

फरक फक्त वापराचा आहे. रेडिओचे बटण दिवसातून दहा-वीस वेळा फिरते. स्टिकचे तसे नाही. अमेरिकेतील आयफिक्सिट या दुरुस्तीची साधने विकणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडून पाहिला. आतील स्टिक जपानच्या आल्प्स कंपनीच्या बनावटीची असून तिच्या व्हॉल्यूमचे आयुष्य २० लाख फेऱ्या इतके सांगितलेले आहे. आकडा मोठा वाटतो. पण धावपळीच्या खेळात स्टिक किती फिरते हे मोजून त्यांनी अंदाज बांधला की सुमारे ४१७ तासांत ही मर्यादा संपू शकते. रोज दोन तास खेळणाऱ्याचे हे सात महिने झाले. म्हणजे पोराने कंट्रोलर आपटला नाही, तो फक्त खेळला. ज्या कामासाठी वस्तू विकली तेच काम त्याने केले.

उपाय होता, पण वापरला नाही

काही जण म्हणतील, झिजणे हा वस्तूचा धर्मच आहे. खरे आहे. १९९६ साली आलेल्या निन्टेंडो ६४ च्या स्टिकमध्ये कार्बनची पट्टी नव्हती, हालचाल प्रकाशाच्या साह्याने मोजली जाई. तरी प्लास्टिकवर प्लास्टिक घासून पांढरी भुकटी निघे आणि स्टिक लुळी पडे. परंतु १९९८ मध्ये सेगा कंपनीने ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये चुंबकावर चालणारी मोजणी वापरली. चुंबक हलला की जवळचा सेन्सर त्याचा जोर मोजतो. मोजणाऱ्या भागात एकाला दुसरा घासतच नाही. हे तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधले, म्हणून त्याला हॉल इफेक्ट म्हणतात. याचा अर्थ असा की उपाय कारखानदारांना पंचवीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

तरीही २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये कार्बनवर घासणारेच भाग होते. तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९ मध्ये अमेरिकेत कंपनीवर दावा दाखल झाला, २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली आणि २०२३ मध्ये युरोपात, मुदत संपलेली असली आणि दोष झिजेमुळे आलेला असला तरी, दुरुस्ती मोफत करण्याचे मान्य करावे लागले. आणि जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आला तेव्हा त्याच्याही स्टिकमध्ये घासणारी मोजणीच निघाली!

कारखानदाराची बाजूही पाहिली पाहिजे. व्हॉल्यूमची स्टिक स्वस्त पडते, वीज कमी खाते आणि तिचा पुरवठा जमलेला आहे. चुंबकाची स्टिकही अमर नाही; तिचीही स्प्रिंग सैल पडते, वरचे रबर फाटते, दाबायचे बटण निकामी होते. म्हणून ‘हॉलवाला घ्या, जन्मभर पाहायला नको’ असे सांगून माल खपवणाऱ्यालाही आम्ही शाबासकी देणार नाही. आमचा आक्षेप झिजेला नाही, झीज लपवण्याला आहे. मोटारीचा टायर झिजतो हे सर्वांना माहीत असते, आणि तो बदलताही येतो. जो भाग झिजणार हे बनवणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तो सहज बदलता येईल असाच बसवला पाहिजे.

हे अशक्य नाही. सोनीने जानेवारी २०२३ मध्ये ड्युअलसेन्स एज हा कंट्रोलर आणला. त्याची स्टिक घरच्या घरी ओढून काढता येते व नवी बसवता येते. पण ही सोय महागड्या मालात. साध्या कंट्रोलरमध्ये स्टिक पक्की सोल्डर केलेली. जे श्रीमंताच्या मुलासाठी जमते ते बाकीच्यांसाठी का जमू नये?

आपले काम काय?

भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. खेळाच्या कंट्रोलरचे नाव त्यात वेगळे आलेले नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या आणि गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्स व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरावी. सुटे भाग व माहिती खुली झाली तर त्याचा पहिला लाभ लहान कारागिरालाच होणार आहे.

तोवर दुकानदाराने विकतानाच सांगावे की आत व्हॉल्यूमची स्टिक आहे की चुंबकाची, आणि हमी किती महिन्यांची. जुना कंट्रोलर विकत घेताना व विकताना स्टिक मोकळी सोडून यंत्राच्या पडद्यावर तपासून दाखवावी. गिऱ्हाईक दोन पैसे घासाघीस करील, पण पुन्हा त्याच दुकानात येईल.

कारागिराला सांगणे थोडे वेगळे. क्लीनरचा फवारा मारून स्टिक चार वेळा फिरवली की ड्रिफ्ट जातो, हे खरे. आत फक्त धूळ असेल तर तेवढे पुरतेही. परंतु झिजलेला कार्बन फवाऱ्याने परत येत नाही. दोष आठवडाभर दबतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे जातात. खेळाच्या सेटिंगमध्ये मधली मोकळी जागा वाढवून देणे हाही तात्पुरता इलाज आहे, तो तसा सांगूनच करावा. खरी दुरुस्ती म्हणजे स्टिक बदलणे. कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर साध्या सोल्डरपेक्षा जास्त उष्णतेवर वितळते, तेव्हा घाईने ओढाओढ केली तर बोर्डावरील तांब्याच्या कड्या उखडतात. आधी आपले साधे सोल्डर मिसळून मग ते ओढून घ्यावे. नवी स्टिक बसवल्यावर मध्य जुळवल्याशिवाय वस्तू हातात देऊ नये.

आणि ज्यांच्या घरी मुलाने कंट्रोलर जपून जपून वापरावा म्हणून रोज बोलणी होतात, त्यांनी ती काळजी सोडावी. पिशवीत स्टिक दाबली जाऊ देऊ नये, खाताना खेळू नये, पावती जपून ठेवावी. एवढे पुरे. खेळायची वस्तू खेळण्यासाठीच घेतली आहे. झिजेची चिंता ती बनवणाऱ्याने करावी, तिची माहिती विकणाऱ्याने द्यावी, आणि तिचा इलाज हुन्नर असलेल्या कारागिराने रास्त मजुरी घेऊन करावा.