आधी मूल जगले पाहिजे

आफ्रिकेचा विषय निघाला की 'एवढी मुले जन्माला घातली तर गरिबी कशी हटणार?' हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. हा सूर आपल्याला ओळखीचा आहे, कारण तो आपल्या समाजाबद्दलही लावला जातो. म्हणूनच त्याची तपासणी आपण अधिक काळजीपूर्वक करायला हवी.

पश्चिम आफ्रिकेतील नायजर हा मुस्लिमबहुल देश पाहा. १९६० मध्ये तो स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्या सुमारे ३५ लाख होती. आज ती अडीच कोटींच्या पुढे आहे. एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होतात. हे खरे आहे. पण त्याशेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. १९९० मध्ये तेथील दर हजार मुलांपैकी तीनशेहून अधिक मुले पाच वर्षांची होण्याआधीच दगावत. हिवताप, जुलाब, न्यूमोनिया, गोवर आणि या सगळ्यांना वाट करून देणारे कुपोषण ही त्याची कारणे. जिने आपली दोन लेकरे दफन केली, त्या आईला 'दोनच पुरेत' असे कोणत्या तोंडाने सांगायचे? म्हातारपणी पेन्शन नाही, शेतात यंत्र नाही. मूल हाच कामाला हात आणि मूल हाच आधार.

आज तेथील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ११५ च्या आसपास आले आहे. मृत्यू घटले, जन्म त्या वेगाने घटले नाहीत, म्हणून लोकसंख्या वाढली. हे अंतर मिटते ते मुलींच्या शिक्षणाने. नायजरमध्ये दर चारपैकी तीन मुलींचे लग्न अठराव्या वर्षाआधी होते. याचे खापर केवळ गरिबीवर फोडून चालणार नाही. ती समाजाचीही जबाबदारी आहे. तेथील झिंदेर भागात 'नवऱ्यांच्या शाळा' सुरू झाल्या. गावातले पुरुष एकत्र बसून बाळंतपण दवाखान्यात का व्हावे, दोन मुलांत अंतर का हवे, यावर बोलतात. बदल असा येतो. भारतातील मुस्लिम स्त्रियांचा प्रजनन दर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, २०१९-२१ मध्ये तो २.४ वर आला. तो टोमण्यांनी उतरला नाही. मुली शिकल्या, मुले जगू लागली, म्हणून उतरला.

आजाराशी लढताना विश्वासही लागतो. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातील कानो राज्याने पोलिओ लसीकरण थांबवले. लसीने वंध्यत्व येते अशी अफवा होती. या संशयामागे इतिहास होता: १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत फायझर कंपनीने कानोतील मुलांवर पालकांची योग्य संमती न घेता औषधाची चाचणी केल्याचा आरोप झाला होता. पण त्या संशयाची किंमत कंपनीने नव्हे, मुलांनी मोजली. पोलिओ पुन्हा फैलावला, शेजारच्या देशांतही पोहोचला. पुढे धर्मगुरू आणि पारंपरिक सरदार मोहिमेसोबत उभे राहिले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त घोषित झाली.

या लढ्याशी महाराष्ट्राचेही नाते आहे. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सुरू झालेल्या मेंदूज्वर लसीकरणाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली हिवतापाची आर-२१ लसही ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सोबतीने तिथेच तयार झाली. हिवतापाने त्या वर्षी जगात सुमारे सहा लाख माणसे दगावली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले.

लस पुण्याहून आफ्रिकेत पोहोचते, पण आपल्याच वस्तीतल्या दारापर्यंत पोहोचते का? २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली मुलेच तिच्या तावडीत अधिक सापडली. कानोचा धडा आपल्यासाठीही आहे.

तरुण मित्रांनो, लोकसंख्येचा टोमणा कानावर आला तर आकड्यांनिशी उत्तर द्या. आणि लसीविरुद्धचा एखादा मेसेज मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका. समाजाच्या इज्जतीइतकीच त्यातल्या लेकरांच्या जिवाची राखणही आपलेच काम आहे.