चढाई सगळ्यांनाच करायचीय, पकड कोण करणार?



नवीन धंदा टाकणारी मंडळी मला जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक एकाच जातीचे असतात. "सर, गिऱ्हाईक कसं वाढवू?" "सर, इन्स्टावर जाहिरात कशी टाकू?" "सर, दुसरी शाखा कधी काढू?" पण "सर, आलेला पैसा टिकवू कसा?" हे विचारणारा महिन्यातून एखादाच. आज त्या न विचारलेल्या प्रश्नावर बोलू. आणि त्यासाठी एका कबड्डीपटूचं नाव घेतो.

गिरीश इर्नाक. आपल्या महाराष्ट्राचा डावा कोपरारक्षक. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, त्या संघात गिरीश होता. पण त्या विजयाचं नाव काढलं की लोकांना आठवतो कर्णधार रिशांक देवाडिगा, आठवतो कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई. दोघेही चढाईपटू. पुढच्याच वर्षी सिद्धार्थला प्रो कबड्डीच्या लिलावात 1 कोटी 45 लाख मिळाले. कोपऱ्यात उभं राहून घोटा पकडणारा माणूस मात्र आपल्याला नाव सांगितल्यावर आठवतो.

यात आकड्यांचाही खेळ आहे. चढाईपटू एका चढाईत दोन-तीन गडी मारून येऊ शकतो. पकड करणाऱ्याला एका पकडीचा एकच गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड केली, तर दोन. म्हणूनच प्रो कबड्डीत परदीप नरवालचे चढाईचे गुण 1800 च्या घरात गेले आणि बचावातला सर्वांत मोठा खेळाडू, इराणचा फझल अत्राचली, पाचशेच्या पुढे. याचा अर्थ फझल लहान खेळाडू आहे का? अजिबात नाही. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला 1 कोटीला घेतलं आणि त्या लीगमधला पहिला कोटीचा खेळाडू तो ठरला. लक्षात घ्या, पहिला कोटीचा खेळाडू पकड करणारा होता. संघ चालवणाऱ्यांना पकडीची किंमत कळते. टाळ्या वाजवणाऱ्यांना कळायला वेळ लागतो.

माझी सुटलेली पकड

माझं दुकान स्पोर्ट्स टी-शर्ट आणि युनिफॉर्मचं, टीव्ही सेंटरच्या बाजूला. सुरुवातीच्या वर्षात मी नुसती चढाई करत होतो. वाळूजच्या एका कंपनीकडून 400 टी-शर्टची ऑर्डर आली. नग 250 रुपये, म्हणजे एक लाखाचं बिल. मी घरी पेढे नेले. ॲडव्हान्स मागितला नाही, कारण "पार्टी मोठी आहे, मागितलं तर वाईट दिसेल". परचेस ऑर्डर नाही, फोनवरच सगळं. माल गेला आणि पैसे अकरा महिन्यांनी आले, तेही तुकड्या-तुकड्यांत.

आता हिशोब बघा. एका टी-शर्टमागे मला सुटायचे 40 रुपये. म्हणजे पूर्ण ऑर्डरवर नफा 16 हजार आणि अडकलेली माझी लागत 84 हजार. ते पैसे बुडाले असते, तर भरून काढायला मला आणखी 2100 टी-शर्ट विकावे लागले असते. सोळा हजारांच्या चढाईसाठी मी चौऱ्याऐंशी हजारांचा कोपरा उघडा टाकला होता. त्या अकरा महिन्यांत दुकानाचं भाडं द्यायला बायकोच्या बांगड्या गहाण ठेवल्या. ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पकड म्हणजे "नाही" म्हणणं नव्हे

काही जण असा फटका बसला की दुसऱ्या टोकाला जातात. कुणालाच उधार नाही, नवा माल भरायचा नाही, जाहिरात बंद. ही पण चूकच. कबड्डीत घाई करून अंगावर जाणारा कोपरारक्षक स्वतःच बाद होतो आणि समोरच्याला फुकटचा गुण देतो. चढाई 30 सेकंदांची असते. चांगला कोपरारक्षक वाट बघतो, चढाईपटूचा पाय आत आला, वजन एका बाजूला गेलं, की मगच घोट्याला हात घालतो. आणि तो एकटा नसतो. शेजारच्याचा हात धरून साखळी केलेली असते, कव्हरवाले धावून येतात.

दुकानात ही साखळी कोणती?

एक, ऑर्डर लेखी. व्हॉट्सॲपवर का होईना, नग, दर, पैसे द्यायची तारीख, सगळं लिहून घ्या.

दोन, निदान कापडाचे पैसे निघतील एवढा ॲडव्हान्स. मी आता निम्मे घेतो. त्यामुळे दोन-तीन गिऱ्हाईकं गेली. जाऊ दे.

तीन, उद्यम नोंदणी. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असा 2006 चा कायदाच आहे. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला हे कलम लागू होत नाही, म्हणून आपण कशात बसतो ते सीएला आधी विचारा.

चार, घरचा गल्ला आणि दुकानाचा गल्ला वेगळा. इथूनच सगळ्यात जास्त गळती होते आणि ती करणारे आपणच असतो.

पकड सुटणारच

शेवटी परत गिरीशकडे येतो. ऑगस्ट 2018, जकार्ता एशियाड. 1990 पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत उपांत्य फेरीत इराणकडून 18-27 असा हरला. त्या भारतीय संघात गिरीश होता. कांस्यपदक घेऊन परतावं लागलं. आणि ऑक्टोबरमध्ये हाच माणूस पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून मॅटवर उभा होता, त्याच डाव्या कोपऱ्यात.

माझं स्पष्ट मत सांगतो. आपल्या शहरात धंदा बंद पडतो तो बहुतेक वेळा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही, तर विकलेल्या मालाचे पैसे वेळेत आले नाहीत म्हणून. चढाई शिकवणारे ढीगभर आहेत, मी पण शिकवतो. पण आज रात्री दुकान बंद करताना एक काम करा. वहीत तीन नावं लिहा, ज्यांच्याकडे तुमचे सगळ्यात जास्त पैसे अडकलेत. नावापुढे रक्कम आणि तारीख. उद्या सकाळी पहिला फोन नव्या गिऱ्हाइकाला नाही, त्या तिघांपैकी एकाला.

काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो.