ॲप आकडा घेतं, पण परवानगी देत नाही!

नांदगावला माझ्या मामांना कर्ज काढून वरचा मजला चढवायचाय. नस्तनपूरच्या शनी मंदिरात येणाऱ्यांसाठी आठ खोल्या एअरबीएनबीवर टाकायच्या, असा बेत. ॲपमध्ये आकडा भरता येईल, पण ती परवानगी नव्हे. केंद्राच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत जास्तीत जास्त ६ खोल्या आणि १२ खाटा चालतात. मालकानेही त्याच घरात राहायला हवं. सातवी खोली काढली की योजना हुकली. शिवाय जागा रहिवासी झोनमध्ये आहे की शेतीच्या, यावर तिचा वापर ठरतो.

न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या घराचं ३० दिवसांखालचं बुकिंग ॲपलाच घेता येत नाही. पाहुणे दोनच, मालकही घरात हवा. आपल्याकडे ही चौकशी मालकानेच आधी केलेली बरी. मामांना सांगितलंय: आधी झोन दाखला, मग कर्ज.