हँग पीसी होत नाही, आपण करतो!

लॅबमधलं नेहमीचं दृश्य. प्रोजेक्टचा डेमो चालू आहे, बटण दाबलं आणि विंडो पांढरीफटक! वर टायटलमध्ये 'नॉट रिस्पॉन्डिंग'. मग आपलं ठरलेलं वाक्य, "सर, पीसी स्लो आहे." मीही मागच्या सेमिस्टरला एक्स्टर्नलसमोर हेच म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "मग शेजारचं नोटपॅड कसं चालतंय?" मी गप्प.

उत्तर आपल्या मेसच्या रांगेत आहे. क्लिक केलं, की दाबली, की विंडोज त्याचा मेसेज प्रोग्रॅमच्या रांगेत लावते. प्रोग्रॅममधला लूप गेटमेसेजने एकेक मेसेज उचलतो आणि डिस्पॅचमेसेजने विंडो प्रोसिजरकडे देतो. म्हणजे वाढणारे मामा एकच. ते वाढता वाढता कणीक मळायला गेले तर रांग खोळंबणारच! मी नेमकं तेच केलं होतं. अख्खी फाइल वाचायचा लूप बटणाच्या क्लिकमध्येच लिहिला होता. विंडो रंगवायला सांगणाऱ्या पेंट मेसेजचा नंबर तर बाकीची रांग संपल्यावर लागतो. पाच सेकंद कुणी मेसेज उचलला नाही, की विंडोज तो प्रोग्रॅम हँग झाला असं धरते.

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये सगळ्या प्रोग्रॅम्सची इनपुटची रांग एकच होती. एक अडला की सगळे अडायचे. विंडोज ९५ पासून ३२-बिट प्रोग्रॅमच्या थ्रेडला स्वतःची रांग मिळाली. म्हणून त्या दिवशी नोटपॅड मजेत चालू होतं. दोष माझाच होता.

काही जण लूपमध्ये 'डूइव्हेंट्स' टाकून मोकळे होतात. रांग हलते खरी, पण युजरने तेच बटण पुन्हा दाबलं तर पहिलं काम अर्धवट असताना तोच कोड परत सुरू! खरा उपाय म्हणजे लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर करायचं आणि झालं की पोस्टमेसेजने निरोप रांगेत टाकायचा.

सर, मॅडम, एक विनंती. प्रोजेक्टचे मार्क देताना मोठी फाइल द्या आणि काम चालू असताना विंडो हलवून बघा. आमची थोडी तारांबळ उडेल, पण उडू दे. उद्या आमचाच प्रोग्रॅम एखाद्या काउंटरवर चालेल. समोर माणसांची रांग, स्क्रीन पांढरी, आणि वैतागलेला क्लार्क 'एंड टास्क' करेल. नोंद अर्धवट राहील, आणि शिव्या मात्र बिचारा पीसी खाईल!