वाटणें आणि वाटा

हल्लीं मोठमोठ्या कंपन्यांच्या चालकांस एका नव्या चिंतेनें घेरलें आहे. गांवीं घरीं बसून काम करणाऱ्या नोकरांस आपण परके आहों असें वाटूं नये म्हणून काय करावें, ही ती चिंता होय. तिच्यावर योजिलेले उपाय पाहिले म्हणजे हंसावें कीं रडावें तें समजत नाहीं. कोणी वाढदिवसाचा केक पडद्यासमोर कापतो. कोणी शुक्रवारीं सायंकाळीं सर्वांस पडद्यावर बसवून अंताक्षरी खेळवितो. कोणी कंपनीचें नांव छापलेला सदरा टपालानें धाडतो. एवढें केलें कीं नोकर आपला झाला, अशी या मंडळींची समजूत! आमचें म्हणणें असें कीं हा सारा खटाटोप 'वाटणें' या एका क्रियापदावर उभारलेला आहे. आणि दूरच्या नोकराची तक्रार वाटण्याविषयीं नाहींच, ती वाट्याविषयीं आहे.

२०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली आणि पुण्यामुंबईचीं मुलें लॅपटॉप घेऊन गांवोगांव परतलीं. बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्ड्यासारख्या गांवीं ओसरीवर बसून पुण्याच्या कचेरीचें काम करतां येईल, हें त्यापूर्वीं कोणीं मानलें नसतें. वीज जावी, फोनचें जाळें तुटावें, तरी काम ठरल्या वेळीं पोंचावें, असें त्या दिवसांत घडलें. टाटा कन्सल्टन्सीनें तर त्याच वर्षीं जाहीर केलें कीं २०२५ पर्यंत आपल्या नोकरांपैकीं शेंकडा २५ हून अधिक लोकांस एका वेळीं कचेरींत येण्याची गरज राहणार नाहीं. पुढें २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याच कंपनीनें बहुतेकांस आठवड्याचे पांचही दिवस कचेरींत बोलाविलें. विचार बदलण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीस आहे, त्याबद्दल आमची कुरकुर नाहीं. परंतु असे फेरफार जेथें जेथें होतात, तेथें ते ठरवितांना दूरच्या माणसाचा शब्द कोणाच्या कानीं जातो काय, एवढेंच आम्ही विचारतों.

निर्णय होतात कोठें, तें पाहा. पडद्यावरची सभा संपते. दूरचे लोक नमस्कार करून जातात. खोलींतले पांच जण चहाला निघतात, आणि सभेंत जें ठरलें नव्हतें तें चहाच्या दुसऱ्या पेल्याशीं ठरतें. गांवच्या मुलास दुसऱ्या दिवशीं हुकूम कळतो. त्यामागचें कारण कळत नाहीं. वर्षअखेर साहेब बढतीची यादी करूं लागला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढें जे चेहरे येतात ते चहाच्या वेळचे. यांत कोणाचा दुष्ट हेतु असतो असें नव्हे. हेतु दुष्ट असता तर त्याचा बंदोबस्त सोपा होता.

ही आमची कल्पना नव्हे. चीनमधील सीट्रिप या प्रवासी कंपनीनें २०१० सालीं शांघाय येथें एक प्रयोग आरंभिला, आणि निकोलस ब्लूम प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं त्याचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध केला. फोनवरून गिऱ्हाइकांशीं बोलणाऱ्या नोकरांपैकीं कांहींस नऊ महिने, आठवड्याचे चार दिवस, घरून काम दिलें. त्यांचें काम शेंकडा १३ नें वाढलें. नोकरी सोडून जाणाऱ्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. पण केलेल्या कामाच्या मानानें पाहतां त्यांस बढती मात्र कमी मिळाली! प्रतिपक्ष म्हणेल, प्रयोग संपल्यावर त्यांपैकीं सुमारें निम्मे लोक आपण होऊन कचेरींत परतलेच कीं. परतले खरे, आणि एकांताचा कंटाळा हें त्याचें एक कारणही होतें. पण जेथें सोबतही नाहीं आणि बढतीही नाहीं तेथें कोण टिकून राहील? त्याच कंपनीच्या सोळाशेंवर नोकरांवरील दुसरा प्रयोग २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत घरचे दिवस दोनच होते, उरलेले दिवस माणूस साहेबाच्या नजरेसमोर होता. त्या वेळीं बढतींत फरक आढळला नाहीं. यावरून काय तर्क करावा तो वाचकांनींच करावा.

साखरखेर्ड्याचें नांव निघालें म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. दिल्लीच्या बादशहाच्या सांगण्यावरून निजामुल्मुल्काशीं लढावयास निघालेला मुबारिजखान १७२४ सालीं याच गांवाजवळ मारला गेला. विजयी निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें. आणि पुढच्याच वर्षीं त्याच बादशहानें निजामाकडे दक्षिणेची सुभेदारी कायम करून त्यास आसफजाह हा किताब दिला. ज्या मुद्द्यासाठीं दूरच्या चाकरानें प्राण वेंचला, तो मुद्दाच दरबारानें सोडून दिला. कंपनीच्या नोकरींत सुदैवानें कोणाचे प्राण जात नाहींत. बाकीचा व्यवहार फारसा निराळा नाहीं.

मग करावें काय? सभेंत एक जरी माणूस दूर असेल, तर खोलींतल्यांनींही आपापल्या मेजावरून पडद्यावरच बोलावें. जें ठरेल तें कारणासह लिहून सर्वांस कळवावें. जें लिहिलें गेलें नाहीं तें ठरलेंच नाहीं असें समजावें. बढती मिळालेल्यांत दूरचे किती आणि जवळचे किती, याचे आंकडे दरसाल कंपनींत सर्वांपुढें ठेवावे. या तिन्ही गोष्टींस केकाइतकाही खर्च येत नाहीं. सत्ता मात्र थोडी सोडावी लागते, आणि घोडें पेंड खातें तें तेथेंच.

नवशिक्या माणूस जाणत्याच्या शेजारीं बसूनच काम शिकतो, हा आक्षेप मात्र आम्ही उडवून लावीत नाहीं. आम्ही जन्मभर वर्गांत शिकविलें आहे. समोरासमोर बसण्याची किंमत आम्हांस कोणीं सांगावयास नको. तेव्हां नव्या मुलास पहिले सहा महिने खुशाल कचेरींत बोलवावें, आणि पुढेंही वर्षांतून दोनदां आठ-आठ दिवस. पण पुण्याच्या भाड्याच्या खोलीचा आणि साखरखेर्ड्याहून जाण्यायेण्याचा खर्च त्याच्या पगारांतून न कापतां कंपनीनें सोसावा.