तुपाची वाटी आणि जळके ऑइल

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमच्या भाईंदरच्या गल्लीत मात्र पावसाळ्यात माणसे धावतात ती गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा डबा घेऊन! खाडीकाठची दमट हवा, सदा ओले अंग. खाजवून खाजवून कुत्र्यांच्या कातडीवर लाल चट्टे उठतात. मग कोणी ऑइल ओततो, कोणी फिनेल. हेतू चांगलाच असतो. पण कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते.

खरा उपचार किती साधा! एक लिटर उकळलेल्या पाण्यात दीड लहान चमचा, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम मीठ घालावे. ओळखीच्या, शांत कुत्र्याच्या चट्ट्याभोवतीचे केस जपून कापावेत, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने जागा हलकेच पुसावी, टिपून कोरडी करावी, चाटू देऊ नये. आपली मलमे लावू नयेत. पू, दुर्गंधी वा पसरणारी खरूज दिसली तर पशुवैद्यच गाठावा. खरजेचे सूक्ष्म किडे मिठाने मरत नाहीत. ते माणसालाही लागतात, म्हणून हात साबणाने धुवावेत.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले ५१-क कलम प्राणिमात्रांविषयीची दया हे आपले कर्तव्य मानते. मित्रहो, परीक्षेपुरते ते आपण पाठ करतो. माझे म्हणणे एवढेच, की ज्ञानाची जोड नसलेली दयाही पोळते. आणि मिठागरांसाठी ओळखल्या गेलेल्या या गावात चिमूटभर मिठाची वानवा खासच नाही!